सायकलचा पट्टा आणि दारातल्या गाड्या

धुळ्यात देवपूरच्या बाजूला माझी रक्त तपासणीची छोटी लॅब आहे. लॅबचा दरवाजा मी साडेनऊला उघडते, पण माझं काम त्याच्या पुष्कळ आधी सुरू होतं. उपाशीपोटी रक्त द्यायचं म्हटलं की कॉलनीतल्या लोकांना चहाशिवाय घराबाहेर पडायचं जिवावर येतं, म्हणून ते मलाच बोलावतात. गेली कित्येक वर्षं माझी सकाळ अशी दुसऱ्यांच्या घरांत जाते. कुणाची शीर चटकन सापडते, कुणाची लपून बसते, कोण सुई बघून तोंड फिरवतं, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं.

फिरायला स्कूटर होती. एका थंडीत ती बंद पडली. गॅरेजवाला म्हणाला, पार्ट नाशिकहून मागवावा लागेल. तोवर काय करायचं म्हणून मी जिन्याखालून लेकीची सायकल काढली. लेक पुण्याला नोकरीला गेल्यापासून ती तिथेच धूळ खात होती. हवा भरली, साखळीला तेल दिलं, सॅम्पलची पेटी पुढच्या टोपलीत ठेवली आणि निघाले. पहिले काही दिवस मांड्या भरून आल्या. पुढे पार्ट आला, स्कूटर दुरुस्त झाली, तरी मी सायकलच वापरत राहिले.

त्याचं कारण सांगायचं तर मला मजा वाटायला लागली होती. स्कूटरवरून जाताना आमचा रस्ता म्हणजे नुसते घरांचे नंबर होते. सायकलवरून तोच रस्ता ऐकू यायला लागला. कुणाकडे मिरचीची फोडणी पडली आणि सगळं घर खोकायला लागलं, कुणाचं अंगणातल्या नळावर भांडण चाललंय, कुणाकडे रेडिओ अजून लागतो. थांबायचं म्हटलं तर पाय टेकला की थांबता येतं. लोकही बोलायला लागले. स्कूटरवरच्या बाईला कुणी हाक मारत नाही.

रस्ता तसा सरळ आणि चांगला रुंद. एका बाजूला आमची घरं, समोर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवाराची लांबच लांब भिंत, एका टोकाला चौक आणि दुसऱ्या टोकाला मुलींची शाळा. एवढा रुंद रस्ता असूनही मी दर थोड्या वेळानं मधोमध का ढकलली जाते, हे मला सुरुवातीला कळेना. मग लक्षात आलं. प्रत्येक घरासमोर त्या त्या घराची गाडी उभी होती. डावी कड गाड्यांची होती आणि मला प्रत्येक गाडीला वळसा घालून पुढे जायचं होतं. मागून येणाऱ्याला वाटायचं, ही बाई सरळ का चालवत नाही.

शाळेच्या वेळेला याच रस्त्यानं पोरींचे घोळके जायचे. पुष्कळ जणींच्या सायकली शाळेतून मिळालेल्या, एकाच निळ्या रंगाच्या. त्यातली एक सातवी-आठवीतली पोर माझ्या ओळखीची झाली होती, कारण ती माझ्या पुढे जायला बघायची आणि पुढे गेली की मागे वळून हसायची.

फेब्रुवारीत एका सकाळी ती माझ्या डोळ्यांसमोर पडली. आमच्याच ओळीतले एक नाना, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, गाडीत बसून काहीतरी शोधत होते. त्यांनी दार उघडलं आणि ती नेमकी तिथे पोचली. दार हँडलला लागलं, ती रस्त्याच्या मध्यावर फेकली गेली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्यानं कसाबसा ब्रेक दाबला. मी धावले. कोपर सोललं होतं, हनुवटीतून रक्त येत होतं. मी कापूस दाबून धरला तेव्हा ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "काकू, मी डावीकडूनच चालले होते ना?"

मी हो म्हणाले. ती डावीकडूनच चालली होती.

नानांचा चेहरा पांढरा पडला होता. ते स्वतः तिला घेऊन दवाखान्यात गेले, हनुवटीला टाके घालून होईपर्यंत थांबले, तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांची माफी मागून आले. वडील नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला. ते नानांना काही वाईट बोलले नाहीत, पण पोरीची सायकल त्यांनी बंद केली. ती रिक्षानं जायला लागली. रिक्षात पोरी अशा भरलेल्या असायच्या की तिचं दप्तर बाहेर लटकत असे. मला ती दिसायची, पण ती माझ्याकडे बघायची नाही.

तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माणूस नियमानं चालतोय आणि तरी त्याला जागा नाही, तर रस्त्यात नक्की चुकतंय काय? मी या प्रश्नाच्या मागेच लागले. यजमान म्हणाले, महापालिकेत जाऊन विचार. ते थट्टेनं म्हणाले होते, पण मी गेले.

तिथे रस्त्यांचं काम बघणारा एक तरुण इंजिनिअर भेटला. रावेरकडचा होता. मी त्याला म्हणाले की आमच्या रस्त्याला डावीकडे सायकलसाठी वेगळा पट्टा आखून द्या. मला वाटलं होतं, तो टाळाटाळ करील. त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि उलट मलाच विचारायला सुरुवात केली. सायकल चालवतं कोण? कुठून कुठे जातात? आणि रस्त्यावरच्या गाड्या कुठे जाणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी देऊ शकले. शाळेच्या पोरी, चौकातल्या दुकानांतले कामगार, दूधवाले, आणि मी. तिसऱ्याला मी म्हणाले, "ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या आवारात जाईल. प्रत्येक घराला गेटच्या आत गाडीची जागा आहे."

"मग ते आत का लावत नाहीत?" त्यानं विचारलं.

तो म्हणाला की रंग मारणं काही अवघड नाही, पण रेष मारली की दुसऱ्या दिवशी तिच्यावर गाड्या उभ्या राहतात, आणि मग ती रेष असून नसल्यासारखीच. आधी हे कळलं पाहिजे. मला त्याचा राग यायला हवा होता, पण मी घरी येताना त्याच्याच प्रश्नाचा विचार करत होते. खरंच, का लावत नाहीत? मी रोज त्या गेटांतून आत जाते आणि मला हे कधी विचारावंसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी आत जाताना बघायला लागले. कॉलनी बांधली तेव्हा प्रत्येक घराला पुढे गाडीपुरतं पोर्च ठेवलं होतं. त्या पोर्चमध्ये आता सगळं होतं, गाडी सोडून. एका घरात सुनेनं शिलाई मशीन टाकलं होतं आणि ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायकांसाठी बाकडं ठेवलं होतं. मूळ राजस्थानातल्या एका व्यापारी कुटुंबाचं घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं, त्यांच्या पोर्चमध्ये तेलाचे डबे आणि साखरेची पोती. एकीकडे पत्र्याचा आडोसा करून भाडेकरूचा स्वयंपाक चालायचा. एका घरातले आबा आयुष्यभर शेतावर उघड्यावर झोपलेले, मुलानं शहरात आणलं तर बंद खोलीत त्यांचा जीव गुदमरायला लागला, म्हणून त्यांची बाज पोर्चमध्ये. माझ्या लॅबच्या रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरीणबाई याच ओळीत राहतात, त्यांचं आंबेडकर जयंतीच्या तयारीचं सामान, ढोलकी आणि मुलांच्या अभ्यासिकेची टेबलं तिथे होती. संध्याकाळी वस्तीतली मुलं येऊन बसायची. घरं वाढत गेली होती आणि वाढायला तेवढीच जागा होती. गाडी बिचारी बाहेर उभी राहू शकत होती, बाकी कुणाला बाहेर ठेवता येत नव्हतं.

आणि आमचं पोर्च? तिथे माझ्या कुंड्या होत्या, आणि यजमानांचं जुनं कपाट, ज्यात काय आहे हे आम्हा दोघांनाही सांगता आलं नसतं. आमचीही गाडी रस्त्यावरच होती. यजमान म्हणाले, "आता काय, आधी आपलीच हलवावी लागणार." ते थट्टा करत आहेत की नाही, हे मला कळलं नाही.

नानांकडे माझी महिन्याची फेरी असायची. त्यांची शुगर आणि अक्कांचं रक्त. अक्का म्हणजे नानांची बायको. दीड-दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला. बोलणं परत आलं, पण पायात जोर आला नाही. घराला चार पायऱ्या, त्या त्यांना चढता येत नाहीत, म्हणून त्यांचा पलंग पोर्चमध्ये आणला होता. भोवती जाळी बसवलेली, उन्हासाठी हिरवं कापड. मी किती वेळा त्या पलंगाशेजारी बसून रक्त काढलं असेल, पण त्या पलंगामुळे गाडी बाहेर आहे आणि त्या गाडीमुळे पोर पडली, ही साखळी माझ्या मनात कधी जुळली नव्हती. त्या दिवशी जुळली. कुणाला काय सांगणार? पलंग हलवा म्हणून?

मी दंडाला पट्टा बांधत होते तेव्हा अक्कांनीच विषय काढला. त्या साक्रीकडच्या, घरात अहिराणीच बोलायच्या. "ती हासनारी निळी सायकलवाली पोर आते दिखत नही. काय व्हयनं तिले?"

मी नानांकडे पाहिलं. ते खाली मान घालून बसले होते. त्यांनी अक्कांना अपघाताचं काही सांगितलंच नव्हतं. त्या वेळी अक्कांना उचलून आत अंघोळीला नेलं होतं आणि नंतर सांगायला नानांचा धीर झाला नाही. आता त्यांनी सगळं सांगितलं, माझ्यासमोरच. दार कसं उघडलं, पोर कशी पडली, तिची सायकल कशी बंद झाली. माझी सुई हातात तशीच होती.

मग अक्कांनी नानांना विचारलं की गाडी समोरच्या भिंतीपाशी का लावत नाही, तिथे तर कुणाचं घरही नाही. नाना म्हणाले, गाडी डोळ्यांसमोर असलेली बरी. कोणी ओरखडे काढले, कोणी आरसा तोडला तर कळतं तरी. अक्का म्हणाल्या, "गाडीले काय देखनं? ती हालत नही, चालत नही. मी आठे पडेल शे, मी मानसं देखस."

मग मला कळलं की इथे पडून माणसं बघणाऱ्या अक्कांच्या जाळीसमोरच नानांची उंच गाडी उभी असायची. गाडीच्या डाव्या-उजव्या बाजूनं जेवढा रस्ता दिसेल तेवढाच त्यांना दिसायचा. त्यातून पोरी येताना आणि जाताना क्षणभर दिसायच्या, आणि त्यांनी त्या एका पोरीची ओळख ठेवली होती.

नानांनी त्याच संध्याकाळी गाडी भिंतीकडे लावली. आमच्या यजमानांनी ते पाहिलं आणि आमचीही तिकडे नेली.

मी परत इंजिनिअरकडे गेले. गाड्या आत का जात नाहीत हे मी त्याला सांगितलं, शिलाई मशीनपासून पलंगापर्यंत. तो ऐकताना हसत नव्हता, त्यानं कागदावर रस्त्याचं चित्र काढलं. मग गाड्या भिंतीच्या बाजूला लावता येतील हेही सांगितलं. तो म्हणाला की बघायला येतो. मी म्हणाले, या, पण सायकलवर या. मला वाटलं ते शोभणार नाही म्हणून तो नाही म्हणेल. तो रविवारी आला, माझ्या शेजाऱ्यांची सायकल घेतली आणि चौकापासून शाळेपर्यंत माझ्या पुढे गेला. परत आला तेव्हा घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. सांगत होता की गावाकडे शाळेत असताना तो केळीच्या ट्रकांच्या कडेनं सायकलनं जायचा, आणि ट्रक जवळून गेला की सायकल त्याच्याकडे ओढली जाते असं वाटायचं. ते तो पार विसरून गेला होता. एक गोष्ट मात्र त्यानं तिथल्या तिथे सांगितली. गाड्या भिंतीकडे गेल्या तर शाळेतून परत येणाऱ्या पोरींना पुन्हा गाड्यांच्या दारांपासूनच जावं लागेल. तेव्हा जाणं आणि येणं दोन्ही घरांच्या बाजूनं ठेवायचं, पट्टा जरा रुंद करून. हे मला सुचलं नव्हतं.

मग शाळेच्या सभागृहात कॉलनीची बैठक झाली. नगरसेविका आल्या होत्या. बैठक गोडीगुलाबीनं झाली असं म्हणता येणार नाही. किराणावाल्या भाऊंचं म्हणणं, माल उतरवायला टेम्पो दुकानासमोरच लागणार, पोती काय भिंतीकडून डोक्यावर आणायची? एकांनी विचारलं, पाहुणे आले तर? कुणी म्हणालं, आधी खड्डे बुजवा, मग सायकली. मी बोलायला उठले तर एक जण म्हणाले, तुम्हाला सायकलची हौस आहे म्हणून आम्ही रस्ता सोडायचा का. मला बोलणं लागलं, पण त्यात थोडं खरं होतं, म्हणून मी खाली बसले.

तेव्हा नाना उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. त्यांनी पोर कशी पडली ते सांगितलं आणि दार आपणच उघडलं होतं हेही सांगितलं. आवाज चढवला नाही. "माझी गाडी मी तिकडे लावली आहे," ते म्हणाले, "रोज रस्ता ओलांडून जावं लागतं. जातो." एवढं बोलून ते बसले. त्यानंतर खड्ड्यांचं कुणी काढलं नाही. किराणावाल्या भाऊंच्या टेम्पोसाठी शाळा भरायच्या आधीची वेळ ठरली. इंजिनिअर म्हणाला की आधी चौकापासून शाळेपर्यंतच करू आणि काय होतं ते बघू.

उन्हाळ्याच्या सुटीत रेष मारली. रंग वाळायच्या आत दोन पोरं तिच्यावरून चालून गेली, त्यांच्या चपलांचे ठसे अजून आहेत. पांढरी रेष, मध्ये सायकलचं चित्र. ते चित्र बघायला बायका खास घराबाहेर आल्या. पहिल्या आठवड्यात पट्ट्यावर सायकली सोडून सगळं होतं. सकाळी फिरणारे आजोबा, केळीची हातगाडी, दुपारी सावलीत झोपलेली कुत्री, एका घरानं तर तिथे कुरडया वाळत घातल्या होत्या. मी इंजिनिअरला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, निदान गाड्या नाहीत ना? गाड्या नव्हत्या. दोन घरांच्या सोडून. त्या दोघांनी शेवटपर्यंत हलवल्या नाहीत, आणि तिथे पोरींना अजूनही वळसा घालावा लागतो.

शाळा सुरू झाली तरी त्या पोरीची निळी सायकल दिसली नाही. मी तिच्या घरी गेले. वडील नुकतेच कामावरून आले होते, मोटारसायकलचं हेल्मेट हातातच होतं. मी त्यांना काही पटवायचा प्रयत्न केला नाही, फक्त एकदा येऊन बघा म्हणाले. ते पुढच्या सुटीच्या दिवशी आले. पोरीची सायकल घेऊन, स्वतः चालवत. सायकल त्यांना लहान होती, गुडघे हँडलला लागत होते. शाळेपर्यंत गेले, परत आले, त्या दोन गाड्यांपाशी थांबून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार. पण काही दिवसांनी पोर सायकलवर आली. अक्कांनी जाळीतून हात वर केला. पोरीला कळेना, या कोण आजी आपल्याला हात करतायत, पण तिनंही केला.

ती मात्र पट्ट्यातून जायची नाही, रेषेच्या बाहेरूनच जायची. मी एकदा थांबवून विचारलं. ती म्हणाली की आत कडेला वाळू साचते आणि चाक घसरतं. मी दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाहिलं. खरंच होतं, गटाराच्या बाजूनं बारीक वाळूचा थर बसला होता. मी झाडणाऱ्या ताईंशी बोलले, इंजिनिअरशी बोलले. आता तो भाग झाडला जातो, रोज नाही, पण झाडला जातो.

पावसाळ्यानंतर रेष फिकी झाली. ती पुन्हा मारून घ्या म्हणून महापालिकेत कोण गेलं असेल, तर किराणावाले भाऊ. त्यांना टेम्पोला जागा मोकळी मिळत होती आणि दुकानासमोर उभं राहून बोलणाऱ्या गिऱ्हाइकांना अंगावर हॉर्न ऐकावे लागत नव्हते.

मागच्या रविवारी संध्याकाळी मी एका आजोबांचा रिपोर्ट देऊन परत येत होते. पट्ट्यावर एक बाई साडी खोचून सायकलवर बसली होती आणि मागे एक माणूस सीट धरून पळत होता. जवळ गेले तर पोरीचे आईवडील. पोर बाजूला उभी राहून आईला सूचना देत होती, हँडल घट्ट धरू नको, पुढे बघ, खाली नको. आई घाबरली होती आणि हसतही होती. सायकल थांबली तसा तिनं पाय टेकला आणि पदरानं तोंड पुसलं.

मी विचारलं, "सायकलनं कुठे जायचं ठरवलंय?"

ती म्हणाली, "ते अजून नाही ठरवलं. आधी चालवता येऊ तर द्या."

आणि तिनं पुन्हा पॅडलवर पाय ठेवला.